मास्तरांच्या गाडीची ट्रायल

माझ्या गॅरेजला लागूनच मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. मधे एकच भिंत, तीही खाली विटांची आणि वर पत्र्याची. इकडे मी एखादी गाडी रेस केली की तिकडे त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या नाचतात, आणि तिकडे त्यांनी कुणाला टोमणा मारला की तो मला इकडे ऐकू येतो. टोमणे मारणं हा त्यांचा जोडधंदा. वीस वर्षांच्या शेजारात आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. तरी दुपारचा चहा मी त्यांच्याशिवाय घेत नाही. एकट्याने घेतला तर भांडायला कुणी नसतं आणि चहा फुकट जातो.

त्यांच्या दुकानात एक तीन पायांचं लाकडी स्टूल आहे. नवी पँट शिवून झाली की गिऱ्हाइकाने ती घालायची आणि त्या स्टुलावर बसायचं. नुसतं आरशासमोर उभं राहून भागत नाही. "बसून दाखवा," मास्तर म्हणणार. मग वाका, मग हात वर करा. एकदा एक वकीलसाहेब घाईत होते. "मास्तर, मला कोर्टात उभंच राहायचंय," म्हणाले. मास्तरांनी पँटची घडी घातली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, "उभं राहून पाय दुखले की या." तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले आणि निमूटपणे स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत ट्रायल घेतल्याशिवाय मास्तरांनी एक कपडा दाराबाहेर जाऊ दिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ ह्याच्यावरून झाला.

दुकानाच्या मागच्या भागात वहिनी बसतात, म्हणजे मास्तरांची बायको. काजं, बटणं, हातशिलाई सगळी त्यांच्याकडे. बोलणं कमी आणि नजर अशी की बाह्यांतला अर्ध्या बोटाचा फरक लांबून कळावा. मला भावजी म्हणतात आणि माझा राग कधीच मनावर घेत नाहीत.

ह्या दोघांची चैन एकच, मोटरसायकल. साधीसुधी नाही, लांबच्या प्रवासाची. पुढे मोठी काच, वारा अडवायला दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत उतरणारं प्लास्टिकचं कवच, ज्याला आम्ही फेअरिंग म्हणतो, आणि मागे सामानाच्या दोन पेट्या. गाडीचं वय पंचवीसच्या पुढे. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लावायचं आणि तीनशे किलोमीटरवर वहिनींच्या थोरल्या बहिणीकडे जायचं. ताई पायांनी अधू, तिला इकडे येता येत नाही. लांबून गाडीचा आवाज ओळखून ती खिडकीशी येऊन बसते, असं वहिनी दर वर्षी सांगायच्या आणि मी दर वर्षी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचो.

मागच्या खेपेला तिकडून परत येताना, घर अगदी हाकेच्या अंतरावर राहिलं असताना, आमच्या कोपऱ्यापलीकडच्या पेट्रोल पंपातून बाहेर वळताना गाडी आडवी झाली. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. वहिनींचं मनगट मोडलं, आणि फेअरिंगचा काचेसकट चुराडा झाला.

हॉस्पिटलात लेक रडवेली होऊन उभी होती. वहिनी तिला म्हणाल्या, "मीच मागे हलले गं, त्याने तोल गेला. आता मी काही त्या गाडीवर बसायची नाही." झालं. लेकीने तिथल्या तिथे फर्मान काढलं. आई बसणार नाही, मग बाबा एकटे कुठे उंडारणार? गाडी आमच्याकडे येईल, हे वापरतील. हे म्हणजे जावई.

मास्तर चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्याच्या बायकोने निवडलेल्या कापडावरही ज्याचं मत तयार असतं तो माणूस स्वतःच्या गाडीबाबत मूग गिळून बसला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मला शंका येते ती फक्त इंजिनाच्या आवाजावरून. मास्तर नंतर एवढंच म्हणाले, "फाटक्या कोटात नाही पाठवायची तिला. नवी फेअरिंग बसवतो, मग न्या."

आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

त्या मॉडेलचे सुटे भाग कंपनीने केव्हाच बंद केलेत. मिळाली ती त्याच गाडीच्या दहा वर्षं नंतरच्या मॉडेलची फेअरिंग. खोक्यातून बाहेर काढली तशी मी कपाळाला हात लावला. घराणं तेच, पण नाकडोळे वेगळे. बोल्टची भोकं बोटभर मागे. हेडलाइटची खाच निमुळती. जुन्या गाडीचे इंडिकेटर बाहेर दांड्यांवर, नवीनला त्यांची जागा आतच. शिवाय चालवणाऱ्याच्या समोर, आतल्या बाजूने दोन छोटे कप्पे दिलेले, चष्मा-रुमाल ठेवायला. ते कप्पे बघून मास्तर भलतेच खूश झाले. "कोटाला आतला खिसा हवाच," म्हणाले.

मी म्हटलं, "ड्रिल आणतो. नवीन भोकं मारू आणि दुपारपर्यंत मोकळे होऊ."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, तू सुऱ्या परजत असतोस नुसता. आधी माप."

मग त्यांनी जुन्या फेअरिंगचे तुकडे माझ्या फरशीवर एकेक करून जुळवले, त्यावर तपकिरी कागद पसरून खाका काढला, तो खाका नव्या फेअरिंगवर ठेवला आणि जिथे जिथे भोकं चुकत होती तिथे शिलाईच्या खडूने फुल्या मारल्या. बोल्ट लावायच्या आधी सगळं कापडाच्या पट्ट्यांनी गाडीला बांधलं. त्याला ते कच्चा टाका म्हणत. हँडल हलून माप चुकायला नको म्हणून तेही अस्तराच्या दोन पट्ट्यांनी दोन्हीकडून ताणून सरळ बांधून टाकलं. गाठी अशा की देवालाही सुटू नयेत.

माझ्याकडून लेथवर अॅल्युमिनिअमचे बुश करून घेतले. बुश म्हणजे बोल्टावर चढवायच्या छोट्या नळ्या, फेअरिंगला सांगाड्यापासून हवी तेवढी लांब धरायला. पहिले बुश एक मिलिमीटर मोठे म्हणून परत आले. दुसरे अर्धा मिलिमीटर लहान म्हणून परत. तिसऱ्या वेळी मी वैतागलो. "मास्तर, हे गाडीचं काम आहे, ब्लाउजचं नाही."

"ब्लाउज तुझ्या हातात दिला असता का मी?" ते म्हणाले.

बरं, एकदाचे बोल्ट घट्ट झाले की दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच सैल करायचे. "खांद्यात जरा ओढतंय." गाडीला खांदा असतो हे मला तेव्हा कळलं. कधी काच एक सूत उजवीकडे झुकलेली वाटायची, कधी रबरी वॉशर बदलायचे असायचे. पहिली ट्रायल, दुसरी ट्रायल, तिसरी. सात महिने गाडी माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात तळ ठोकून होती आणि मी तिला वळसा घालून घालून कमरेतून वाकडा झालो.

ह्या सात महिन्यांत वहिनी एकदाही गॅरेजमध्ये आल्या नाहीत. मनगटाचं प्लास्टर निघालं, हात पहिल्यासारखा चालायला लागला, भिंतीपलीकडून काजं करताना त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. चहाच्या वेळी दारातूनच विचारायच्या, "भावजी, कुठवर आलं?" मी म्हणायचो, "चौथी ट्रायल." त्या म्हणायच्या, "बरं."

शेवटी लेकीचाच धीर सुटला. तिने फोन केला. रविवारी हे टेम्पो घेऊन येताहेत, असेल तशी गाडी द्या.

शनिवारी दुपारी शेवटचा बोल्ट बसला. मी कुणाचं कौतुक करायला निघालेला माणूस नव्हे, पण दोन पावलं मागे सरून बघितलं आणि माझी मान आपोआप डोलली. कुठल्याही फटीतून कागद जाणार नाही असं काम. रंगसुद्धा त्यांनी जुन्या फेअरिंगचा तुकडा घेऊन चार दुकानं फिरून जुळवला होता. दहा वर्षांनी धाकटी फेअरिंग, पण गाडी जन्मली तीच अशी, असं वाटत होतं.

"मास्तर," मी म्हटलं, "कंपनीवाले बघतील तर लाजतील."

"लाजू देत," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

मग मी अस्तराच्या पट्ट्या कापल्या आणि हँडल डावीकडे वळवलं. अर्ध्यातच खट्. उजवीकडे वळवलं. खट्. क्लचची मूठ एका कप्प्याच्या काठावर आपटत होती आणि ब्रेकची दुसऱ्याच्या. ही फेअरिंग गाडीच्या सांगाड्यावर बसते, हँडल तिच्या आत फिरतं, आणि इथे हँडलला फिरायला जागाच उरली नव्हती. सरळ रस्त्यावर गाडी झोकात गेली असती. पहिल्याच वळणावर चालवणाऱ्याची बोटं चेचली असती आणि गाडी आडवी झाली असती.

माझं डोकं फिरलं. चूक माझीही होती. मिस्त्री मी, सात महिने गाडी माझ्या नाकासमोर उभी, आणि एकदा पट्ट्या सोडून हँडल फिरवून बघायची अक्कल मला सुचली नाही. म्हणून तर जास्त ओरडलो. स्वतःचं चुकलं की माझा आवाज चढतो, माझ्या बायकोला विचारा.

"अख्ख्या गावाला स्टुलावर बसवता तुम्ही," मी म्हटलं. "वकिलाला सोडलं नाहीत. आणि स्वतःच्या गाडीवर सात महिन्यांत एकदा टांग टाकून बसला नाहीत? नुसतं बसून हँडल धरलं असतंत तरी कळलं असतं."

मी टोमण्याची वाट बघत होतो. टोमणा आला नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"नाही बसलो," ते म्हणाले.

"पण का?"

"हँडलवर हातच जात नाही माझा."

ते जुन्या टायरांच्या ढिगावर टेकले आणि भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलायला लागले. "ती नव्हती हलली, मिस्त्री. वळताना मी पाय टेकला आणि गाडी कलायला लागली. मला पेलली असती. निदान हळूच खाली तरी ठेवता आली असती. पण मी घाबरलो. हात सोडले आणि उडी मारून बाजूला झालो. ती मागे बसली होती आणि मी गाडी सोडून दिली. तिला वाटलं आपणच हललो. सगळ्यांना तेच सांगते बिचारी, आणि मी सात महिने ऐकून घेतोय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. चौथी ट्रायल का, पाचवी का, खांद्यात का ओढत होतं, सगळा उलगडा झाला. काम संपलं की गाडीवर बसावं लागणार होतं, म्हणून काम संपत नव्हतं. आणि जावई गाडी घेऊन गेला असता म्हणजे बसायचा प्रश्नच मिटला असता. पण तो मिटला असता तर हा माणूस आयुष्यभर बायकोच्या नजरेला नजर न देता कपडे शिवत बसला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"वहिनींना सांगा," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

त्यांनी मान हलवली. त्यातून हो की नाही ते मला कळलं नाही.

रविवारी सकाळी दहाला टेम्पो दाराशी लागला. जावई भला माणूस. उतरला, फेअरिंगवरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाला, "बाबा, हिला चालवायचं म्हणजे मला आधी दाढी करावी लागेल." मास्तर कसनुसं हसले. आणि गाडीला निरोप द्यायला म्हणून वहिनीही आल्या, सात महिन्यांत पहिल्यांदा.

आता माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. "न्यायची तर न्या," मी म्हटलं, "पण काम अर्धवट आहे." आणि हँडल वळवून दाखवलं. खट्.

वहिनी पुढे आल्या. कप्प्याच्या काठावरून बोट फिरवलं, हँडल स्वतः एकदा वळवून बघितलं आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही बसून बघितलं नाही?"

मास्तर वाकून फरशीवरचे पट्ट्यांचे तुकडे गोळा करायला लागले.

वहिनी दुकानात गेल्या आणि ते तीन पायांचं स्टूल घेऊन आल्या. मला वाटलं, उभं राहवत नसेल, बसतील. त्यांनी ते गाडीशेजारी ठेवलं, पदर खोचला, जावयाच्या खांद्याचा आधार घेऊन स्टुलावर चढल्या आणि तिथून सरळ गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी मधल्या स्टँडवर भक्कम उभी होती म्हणून बरं.

"या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गिऱ्हाइकाशिवाय ट्रायल कसली घेताय?"

जावई गोंधळला. "आई, तुम्ही तर म्हणाला होतात की..."

"मी बरंच काही म्हणते."

मास्तर जागचे हलले नाहीत. टेप मुठीत गच्च धरलेली. मला वाटलं, आता पाय काढता घेतील आणि दुकानात जाऊन मशीन चालवायला लागतील. पण ते बोलले. जावयासमोर, माझ्यासमोर, अडखळत बोलले. "अगं, त्या दिवशी तू हलली नव्हतीस. मी हात सोडले. तुला मागे ठेवून बाजूला झालो."



"मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या.

"ठाऊक आहे?"

"तीस वर्षं तुमच्या पाठीला धरून बसतेय. ती पाठ समोरून निघून गेली तर मला कळणार नाही?"

"मग सगळ्यांना तसं का सांगितलंस?"

"लेकीसमोर तुमची मान खाली जायला नको होती. मला तरी तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. सात महिने लावलेत. गिऱ्हाइकांना एवढं थांबवलं असतंत तर दुकानाला केव्हाच टाळं लागलं असतं." त्या हसत म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "राग नाही आला तुला?"

"आला की. चार महिने पुरला. मग माझाच मला कंटाळा आला. बसा आता, माझे पाय अवघडले."

मास्तर गाडीपाशी गेले. टांग टाकायला तीन वेळा पाय उचलला, तेव्हा कुठे बसले. हात हँडलच्या वर अधांतरी राहिले थोडा वेळ. मागून वहिनींनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला, बस. हात खाली आले. हँडल डावीकडे वळलं, खट् झालं, आणि मी खडूने खूण केली. उजवीकडे वळलं, दुसरी खूण केली.

"अजून दोन सूत सोडा, भावजी," वहिनी मागून म्हणाल्या. "ह्यांची बोटं जाडी आहेत."

बारीक पात्याच्या करवतीने मी दोन्ही कप्पे अर्ध्यावर कापले. मास्तरांच्या आतल्या खिशाचं वाटोळं झालं. कापलेली कड बोचू नये म्हणून वहिनींनी तिच्यावर काळ्या रेक्झिनची पट्टी शिवली, मी पाडून दिलेल्या बारीक भोकांतून दोरा ओवत, त्याच मोडून सांधलेल्या हाताने. शिवता शिवता सहज म्हणाल्या, "ताईला मी मागच्या आठवड्यातच कळवलंय, गाडीवर येतोय म्हणून."

तिकडे जावई टेम्पोला टेकून फोनवर बोलत होता. "गाडी येत नाहीये... नाही, नाही, आई बसल्यात. हो, आपल्याच आई."

तीनच्या सुमाराला गाडी स्टँडवरून खाली उतरवली. मास्तर पुढे बसले, वहिनी स्टुलावरून मागे चढल्या. दोघांनी हेल्मेट चढवली, आणि हेल्मेटमुळे वहिनींना जरा मोठ्याने बोलावं लागलं म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"हे बघा, आता सोडायची झालीच तर आधी हाक मारा. दोघं मिळून सोडू."

गाडी निघाली. कोपऱ्यावर पंपाच्या दिशेने वळली. पंप माझ्या दारातून दिसत नाही. मी आणि जावई नुसते कान देऊन उभे राहिलो. आवाज लांब गेला, खाली आला, आणखी खाली आला, आणि मग काहीच ऐकू येईना. जावयाने माझा दंड धरला होता हे मला नंतर कळलं. मग परत इंजिन चढलं, गाडी पुढच्या गल्लीतून फिरून दाराशी आली.

मास्तरांनी आधी एक पाय टेकला, मग दुसरा. मी स्टूल सरकवलं. वहिनी त्यांचा खांदा धरून सावकाश उतरल्या, स्टुलावरून जमिनीवर आल्या, पदर सारखा केला. तोवर मास्तरांनी हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. त्या बाजूला झाल्यावर त्यांनी हात काढले आणि हेल्मेट उतरवलं. केस घामाने चिकटलेले, डोळे लाल.

"काय मास्तर," मी म्हटलं, "खांद्यात ओढतंय का कुठे?"

"नाही," ते म्हणाले. "हाक मारावी लागली नाही."